पिछाडीचा पराक्रम

युद्धवर्णनाचा जो काही वाङ्मयीन व्यवहार आजवर झाला, त्यात आघाडीवर पडलेल्या वीरासाठी पोवाडे रचले गेले, शिळा उभारल्या गेल्या आणि त्याच्या वारसांस जमिनी इनाम मिळाल्या. परंतु त्याच्या पाठीमागे चौथ्या रांगेत, पुढे काय चालले आहे याचा यत्किंचितही पत्ता नसताना, केवळ हुकूम झाला म्हणून उभा राहिलेल्या आणि लढाई संपताच जेवणाच्या पंगतीस बिनचूक हजर झालेल्या शिपायाविषयी कोणा शाहिराने डफावर थाप मारल्याचे ऐकिवात नाही. हा अन्याय दूर करण्याचे श्रेय कोणा इतिहासकाराकडे न जाता, इंग्लंडात नॉटिंगहॅम या शहरी ज्याचे मुख्य ठाणे आहे अशा एका खेळाकडे जाते, ही गोष्ट इतिहासकारांच्या लौकिकास फारशी भूषणावह नाही.

या खेळाचे नाव वॉरहॅमर. गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो 1983 साली बाजारात आणला आणि ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली या त्रिकुटाने त्याचे पहिले नियम लिहिले. सहा फूट लांब व चार फूट रुंद मेजावर अंगठ्याएवढ्या शिपायांच्या पलटणी मांडावयाच्या, त्यांची चाल इंचपट्टीने मोजावयाची, आणि कोण मेला, कोण जगला व कोण पळाला याचा निवाडा फाशांवर सोपवावयाचा, असा एकंदर बेत. लढणाऱ्यांत माणसे असतात, परंतु ती सक्तीची नाहीत; दीर्घायुषी व त्यामुळेच किंचित शिष्ट झालेले एल्फ, दाढीचा व वैराचा सारखाच अभिमान बाळगणारे ठेंगणे ड्वार्फ, हिरव्या कातडीचे ऑर्क, कबरीतून उठून पुन्हा कामावर रुजू झालेले सांगाडे, आणि भुयारांत राहणारे स्केव्हन नावाचे मूषकमानव, अशा सर्व जातिजमातींस येथे योग्य ते प्रतिनिधित्व दिलेले आहे. शिपाई पेटीतून सुट्या हातापायांचे व बिनरंगाचे मिळतात. ते सांध्यापासून कापून काढणे, चिकटविणे व रंगविणे हे काम खरेदीदाराचे. म्हणजे भरती, पोशाख, कवायत आणि अखेर कत्तल, हे सर्व सोपस्कार एकाच गृहस्थास पदरमोड करून पार पाडावे लागतात, आणि त्यास तो करमणूक म्हणतो. प्रशियाच्या लेफ्टनंट फॉन राइसवित्स याने 1824 साली लष्करी अधिकाऱ्यांसाठी नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला, एच. जी. वेल्ससारख्या नामांकित लेखकाने 1913 साली दिवाणखान्याच्या जमिनीवर खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई पाडण्याचे नियम पुस्तकरूपाने छापले. तेव्हा वंशावळीत खोट काढण्यास जागा नाही.

आता या खेळात चेटूक आहे, उडते सर्प आहेत, पर्वतप्राय राक्षस आहेत. तथापि जाणता खेळाडू ज्या प्रश्नापायी रात्रीची झोप घालवितो तो यांपैकी कशाविषयीही नसून, पायदळाची पलटण पाच रुंद ठेवावी की सहा, एवढाच असतो. घरासाठी कर्ज काढताना करारनाम्याच्या अखेरच्या पानावर डोळे मिटून सही करणारे गृहस्थ या एका प्रश्नापुढे असे काही गंभीर होतात, की त्यांच्या हाती खरोखरीच एखाद्या साम्राज्याचा कारभार द्यावा असे पाहणाऱ्यास वाटू लागते. ते पाचांची रांग लावतात, दोन पावले मागे सरून तिच्याकडे पाहतात, मागून एक शिपाई उचलून सहावा म्हणून पुढे आणतात, मान हलवितात, आणि त्यास मुकाट्याने पुन्हा मूळ जागी रुजू करून घेतात.

या गांभीर्यास आधार आहे, आणि तो त्रैराशिकाचा आहे. हातघाईत शस्त्र चालवितात ते बहुशः पहिल्या रांगेतले. पण लढाई कोणी जिंकली हे ठरविताना केवळ मुडदे मोजले जात नाहीत. जुन्या आवृत्त्यांच्या नियमांप्रमाणे पहिल्या रांगेमागे जितक्या रांगा पुऱ्या भरलेल्या असतील तितके, मात्र तीनपर्यंतच, गुण पलटणीच्या खात्यावर जमा होतात. पाच रुंदीची पलटण असेल तर वीस शिपायांत हे तिन्ही गुण पदरात पडतात. सहा रुंदी केली की त्याच गुणांस चोवीस शिपाई लागतात, कारण पुढे वाढविलेल्या त्या एका सहाव्या माणसाच्या पाठीमागे आणखी तीन माणसे सांभाळावी लागतात, आणि मोबदल्यात मिळतो तो तलवारीचा एक जादा घाव, जो फासा अनुकूल पडला तरच लागावयाचा. शिवाय रुंद पलटण वळविणे जिकिरीचे. आतला शिपाई जागच्या जागी पाय फिरवितो आणि बाहेरच्या टोकाच्या शिपायाने जितके अंतर कापले तितकी चाल साऱ्या पलटणीच्या नावे खर्ची पडते. उलटपक्षी पलटण अरुंद केली तर घावच कमी. अशा पेचात सापडलेला मनुष्य विचारी दिसू लागला तर नवल नाही.

एक प्रसंग उदाहरणादाखल पुरेसा आहे, आणि तो 2006 सालच्या सातव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे सांगतो. एम्पायर नामक मानवी राज्याचे पंचवीस भालेकरी, पाच रुंद व पाच खोल, असे मेजाच्या मधोमध उभे आहेत. हे भालेकरी म्हणजे कालपरवापर्यंत नांगर धरणारे, पगार थकलेले, साधे गृहस्थ. त्यांच्यावर केऑस या दैत्यपक्षाचे पाच स्वार चालून येतात. आपादमस्तक काळ्या पोलादात, घोड्यांचे डोळे इंगळासारखे, आणि एकेक स्वार रंगविण्यास मालकाने एकेक रविवार दिलेला. पहिल्याच धडाक्यास चार भालेकरी गारद होतात. उरलेल्यांचे भाले पोलादावर आपटून निष्फळ ठरतात. कोणीही शाहीर येथे स्वारांच्या नावाने डफ वाजवील. परंतु हिशेबनीस मात्र वही उघडतो. स्वारांचे मुडदे चार, निशाणाचा एक, जमा पाच. भालेकऱ्यांचा मुडदा एकही नाही; मात्र मागील रांगांचे तीन, निशाणाचा एक, आणि संख्येने अधिक असल्याबद्दल एक, जमा तेही पाच. बरोबरी! अशा वेळी ज्या पक्षात वाद्य वाजविणारा असेल त्याची एका गुणाने सरशी, असा नियम आहे. स्वारांनी काटकसर म्हणून शिंगवाला घेतलेला नाही, आणि भालेकऱ्यांच्या पहिल्या रांगेत एक पोरगेलासा ढोलवाला सुदैवाने अद्याप जिवंत आहे. सबब भालेकरी जिंकले. आता त्या नरकातून आलेल्या स्वारांस धैर्याची परीक्षा द्यावी लागते. त्यांचे धैर्य आठ, पराभवाच्या गुणापोटी एक वजा, म्हणजे दोन फाशांवर सात किंवा त्याहून कमी पडले पाहिजे, आणि असे दान पडण्याचा संभव छत्तिसांत एकवीस. फासे पडतात, नऊ येतात, आणि एकाही शत्रूच्या शस्त्राचा ओरखडाही अंगावर न उठलेले पाच महाभयंकर स्वार, एका ढोलामुळे व पाठीमागच्या पंधरा माणसांमुळे, मेजाच्या कडेकडे धूम ठोकतात.

ज्यांनी आपल्याकडची लग्नाची बैठक पाहिली आहे त्यांस यात काहीच अद्भुत वाटणार नाही. वरपक्षाकडून बोलणारे दोघेच असतात; बाकीची अठरा मंडळी भिंतीस टेकून पोहे खातात, देण्याघेण्याच्या विषयात तोंडातून ब्र काढीत नाहीत, त्यांपैकी चौघांस वधूचे नावही ठाऊक नसते; परंतु वधूपित्याचा धीर जो खचतो तो त्या दोघांच्या वाक्चातुर्याने नव्हे, तर या अठरांच्या नुसत्या बसण्याने.

पिछाडीच्या शिपायास हा जो मान मिळतो त्याची किंमत मात्र त्यास फार चमत्कारिक रीतीने चुकवावी लागते. वार होतो पहिल्या रांगेवर, पण पलटणीची आघाडी अभंग राहावी म्हणून मेजावरून उचलला जातो तो शेवटच्या रांगेतील शिपाई. याचा तात्त्विक खुलासा असा की पुढचा पडताच मागचा पाऊल टाकून त्याची जागा घेतो. प्रत्यक्षात दिसते ते असे की पुढचा छाती काढून जसाच्या तसा उभा, आणि ज्याने अद्याप शत्रूचे तोंड पाहिलेले नाही तो बिचारा पेटीत. कित्येक कारकुनी खात्यांत हीच पद्धत चालू असल्याचे जाणकार सांगतात. व्यवहारी खेळाडूंनी यातूनही फायदा काढला आहे: उत्तम रंगविलेले शिपाई, निशाणवाला व नायक ते पहिल्या रांगेत लावतात, दुसऱ्या रांगेस साधारण रंग, तिसरीस एकरंगी लेप, आणि शेवटच्या रांगेतील मंडळी, ज्यांना डोळेही काढलेले नाहीत, ती लढाईच्या पहिल्याच फेरीत निकालात निघून पाहुण्यांच्या नजरेआड होते.

पाठीमागच्यांच्या जिवावर शूर होण्याचे हे शास्त्र पूर्णत्वास नेले ते मूषकमानवांनी. त्याच सातव्या आवृत्तीत इतरांच्या बाबतीत मागील रांगा केवळ लढाईच्या गुणांत भर घालतात. स्केव्हनांच्या बाबतीत त्या थेट धैर्यात मिळविल्या जातात. एकटा उंदीर भित्रा. पाठीमागे एक रांग असली की त्याची छाती एका बोटाने फुगते, तीन रांगा असल्या की तो जवळजवळ क्षत्रिय होतो, आणि रांगा कटू लागल्या की त्याच प्रमाणात त्यास घरची आठवण येते. त्यांच्या सरदारास तर पलटणीच्या अगदी शेवटच्या रांगेत उभे राहून नेतृत्व करण्याची नियमबद्ध सवलत आहे. अन्य जमातींच्या सरदारांस पहिल्या रांगेत उभे राहून मरावे लागते. त्यांच्या युद्धशास्त्राची प्रगती तेवढी झाली नाही, याखेरीज काय म्हणावे?

हा सर्व पोरखेळ आहे असे ज्या प्रौढ वाचकास वाटत असेल त्याने ल्यूक्ट्राचे रणांगण आठवावे. इ. स. पूर्व 371 मध्ये तेथे स्पार्टाचे वीर बारा-एक माणसांच्या खोलीने उभे होते, आणि थीब्सच्या एपॅमिनॉन्डसने आपली डावी बाजू चांगली पन्नास खोल लावून, जगात अजिंक्य म्हणून मिरविणाऱ्या त्या स्पार्टाचा मोड केला. एकोणपन्नासाव्या रांगेतील थीब्सकराने त्या दिवशी काय पाहिले असेल? अठ्ठेचाळिसाव्याची पाठ. आणि आमच्या भीष्मपर्वात, अकरा अक्षौहिणींसमोर सात अक्षौहिणी घेऊन उभा असलेला युधिष्ठिर अर्जुनास बृहस्पतीचा हवाला देऊन नेमके हेच सांगतो, की सैन्य थोडे असेल तर ते घट्ट एकवटून लढवावे, मोठे असेल तर हवे तसे पसरावे, आणि थोड्यांनी पुष्कळांशी लढावयाचे तर सूचीमुख रचना धरावी. धर्मराजाने इतका साधार सल्ला दिल्यावर अर्जुनाने सुईचे नाव न काढता वज्रव्यूह रचला, यावरून थोरल्या भावाच्या शास्त्राधारास द्यावयाचा मान त्या काळीही ठरलेलाच होता असे दिसते. व्यासांनी व्यूहांस क्रौंच, मकर, गरुड अशी जी पशुपक्ष्यांची नावे दिली आहेत ती या इंग्रजी खेळात शोधू नयेत. येथे आयत हा एकच प्राणी आहे, तो कधी आडवा असतो, कधी उभा.

वास्तविक पाचाचा आकडा हा काही सनातन नव्हे. 2000 सालच्या सहाव्या आवृत्तीत चार रुंदीची रांगही पुरी समजली जात असे. सोळा शिपायांत चौकोन साधे आणि गरीब माणूसही आपले राज्य राखून असे. 2006 साली घटनादुरुस्ती झाली, चाराचे पाच झाले, आणि इंग्लंडापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हजारो पलटणी एका रात्रीत अपुऱ्या ठरल्या. पाचवा मनुष्य पेटीतच मिळतो आणि पेटी सुटी फोडून विकण्याची वहिवाट दुकानदारांत नाही. पुढे 2010 साली आठव्या आवृत्तीने दहा रुंदीच्या पलटणीस एक वाढीव रांग लढविण्याचा अधिकार दिला, आणि त्याच वेळी ज्याच्या रांगा शत्रूहून अधिक त्याने हरूनही धैर्याच्या परीक्षेत वजाबाकी सोसू नये, अशीही सनद काढली. मग चाळीस शिपाई दहा रुंद व चार खोल लावून मारावे, की पाच रुंद व आठ खोल लावून टिकावे, या प्रश्नावर स्नेह्यांत अबोला आला. त्या काळी स्केव्हनांचा गुलाम उंदीर, सैन्य उभारण्यासाठी ठरवून दिलेल्या गुणांपैकी अवघ्या दोन गुणांस मिळे. त्याने कोणास मारावे अशी अपेक्षाच नव्हती. पन्नास पन्नास गुलाम पाच रुंदीने उभे करावयाचे, समोर प्रत्यक्ष दैत्यराज येऊन रोज सातआठ खाऊ लागला तरी त्यांनी रांगांच्या बळावर जागा सोडावयाची नाही, असा तो मामला. सेनापती जवळपास असला म्हणजे त्याचे धैर्य त्यांस उसने मिळे. जिंकण्याची क्षमता शून्य आणि हलविण्याची सोय नाही, अशा मंडळींच्या हाती सत्तेच्या नाड्या जातात हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथांतून वाचले असेल; खेळाडूंनी ते मेजावर पाहिले. जे मूठभर चिलखती श्रीमंत पूर्वी एका धडाक्यात लढाई उरकीत ते या उंदरांच्या चिखलात अर्धा अर्धा दिवस रुतून बसू लागले, आणि नियम बिघडले असा त्यांचा टाहो चोहीकडे ऐकू येऊ लागला. माझ्या मते आठवी आवृत्ती सर्वांत न्यायी होती.

या सर्व वैभवास एकच मर्मस्थान आहे, ते म्हणजे बगल. सहाव्या-सातव्या आवृत्तीत ऑर्कांच्या जमातीतले पाच फुटकळ गॉब्लिन लांडग्यांवर बसून बाजूने येऊन धडकले की रांगांचे तिन्ही गुण तत्क्षणी बाद होतात आणि वर बगलेच्या हल्ल्याचा एक गुण शत्रूस मिळतो. म्हणजे ज्यांना समोरून येण्याची प्राज्ञा नव्हती ते चार गुणांची उलथापालथ करून जातात. तिकडे डोळे ठेवून खोल पलटणीचा मालक खेळभर बसतो. गॉब्लिनांच्या बाजूनेही सर्व आलबेल असते असे नाही. त्या साऱ्या हिरव्या जमातीत दर फेरीस फासा टाकावा लागतो, आणि एक पडला की पलटण हुकूम सोडून आपसांत हमरीतुमरीवर येते. हा नियम इंग्लंडात लिहिला गेला, आमच्या दरबारी इतिहासाशी तो लिहिणाऱ्यांचा परिचय असण्याचे कारण नाही.

आता जे सांगावयाचे ते नियमपुस्तकात छापलेले नाही, आणि तेच खरे आहे. एखाद्या खेळाडूची पलटण उचलून शिपायांच्या चौकोनी बैठका उलट्या करून पाहाव्यात: प्रत्येकीच्या तळाशी पेन्सिलीने एकेक आकडा घातलेला असतो. तीन, अकरा, सतरा. हा त्या शिपायाचा बक्कल क्रमांक नव्हे. शिपाई इतक्या आवेशाने घडविलेले असतात, की एकाचे कोपर दुसऱ्याच्या ढालीत अडकते, मागच्याचा भाला पुढच्याच्या टोपातून आरपार जातो, आणि वीस मिलिमीटरच्या बैठकीवर पाय फाकून उभा असलेला ऑर्क शेजाऱ्यास जवळ येऊच देत नाही म्हणून त्या जमातीस पंचवीस मिलिमीटर द्यावे लागले. बावीस वेळा फिरवून पाहिल्यावर सतरा क्रमांकाचा शिपाई चौथ्या रांगेत डावीकडून दुसरा एवढ्याच ठिकाणी बसतो, आणि मग आयुष्यभर तेथेच बसतो. पाच रुंदी की सहा, हा निर्णय युद्धशास्त्राने घेतला असे खेळाडू सांगतो. पुष्कळदा तो त्या सतराव्याच्या कोपराने घेतलेला असतो.

इतकेही करून माणसे कमी पडलीच तर मंडळी पलटणीच्या मध्यभागी दगड ठेवतात. मी अलंकारिक बोलत नाही. चाळीस मिलिमीटरची एक बैठक घ्यावयाची, तिच्यावर खडक, मोडकी गाडी किंवा दारूचे पिंप चिकटवावयाचे, आणि ती पलटणीच्या पोटात बसवावयाची. तेवढ्या जागेत चार शिपाई मावले असते, सबब दगड चार शिपायांबरोबर धरावयाचा. प्रतिपक्ष यास सहसा हरकत घेत नाही, कारण त्याच्याही पलटणीत एक पिंप असते. तो दगड रांग पुरी करतो, त्या रांगेचा गुण मिळतो, त्या गुणाने शत्रू पळतो. पिछाडीच्या शिपायाकडून शासनाची अपेक्षा काय असते याचा इतका निर्मळ पुरावा दुसरीकडे मिळणार नाही. किंग्ज ऑफ वॉर नावाच्या दुसऱ्या एका खेळाने तर दगडाचीही तोशीस ठेवली नाही. तेथे पलटण ही एकच अखंड पाटी, तिच्या लांबीरुंदीवर सारा कारभार, मेलेला शिपाई उचलावयाचाच नाही, आणि पाटीवर माणसे थोडी विरळ असली तरी संख्या पुरी धरावयाची. कागदावर शंभर व मैदानात साठ, ही हजेरीची रीत आमच्या फडांवर निराळ्या हेतूने परिचित होती. नियमपुस्तकात मात्र तिला जागा मिळाली नव्हती.

2015 साली कंपनीने हे जुने जगच बुडविले आणि त्याच्या जागी एज ऑफ सिग्मार आणले, ज्यात बैठका गोल, रांगा नाहीत, जो तो आपल्या मर्जीने मोकळा उभा. पाच की सहा हा प्रश्न त्यामुळे सुटला, पण सुटलेला प्रश्न घेऊन मनुष्याने संध्याकाळी करावयाचे काय? खेळाडूंनी जुन्या पलटणी माळ्यावर जपल्या, आपसांत जुने नियम चालू ठेवले, आणि अखेर जानेवारी 2024 मध्ये द ओल्ड वर्ल्ड या नावाने रांगा सरकारमान्य होऊन परत आल्या. येताना माणसाची बैठक वीस मिलिमीटरवरून पंचवीस झाली, म्हणजे जी पाचांची आघाडी शंभर मिलिमीटरमध्ये उभी राहत होती ती आता सव्वाशे मागते. जुन्या पलटणी असलेल्यांनी बैठका बदलाव्यात किंवा फटी राखून पाट्या कराव्यात. शिवाय घट्ट रांग, विरळ रांग, मोकळी टोळी व कूच करणारा लांबलचक रकाना, असे चार प्रकार त्यात सांगितले असल्याने संध्याकाळची ददात पुन्हा मिटली आहे.

तरीही एखाद्या नवशिक्याने माझा सल्ला विचारलाच, तर माणसांची पलटण पाच रुंद व पाच खोल लावावी, निशाणाचे व ढोलाचे गुण प्रथम भरून टाकावेत, उजव्या बगलेस दहा-बारा स्वस्त तिरंदाज मोकळे ठेवावेत, आणि एल्फ घेणार असल्यास यांपैकी काहीही करू नये. ते महाग असतात, मागे उभे करण्यास परवडत नाहीत.